नासाचे चौदा महिने: केनियातल्या विरोधी आघाडीचा करार कुठे उसवला

27 एप्रिल 2017. नैरोबीतलं उहुरू पार्क. निवडणुकीला अजून साडेतीन महिने होते, पण व्यासपीठावरच्या पाच नेत्यांनी त्या दिवशी खुर्च्या वाटून टाकल्या. रायला ओडिंगा राष्ट्राध्यक्ष, कलोंझो मुस्योका उपराष्ट्राध्यक्ष, मुसालिया मुदावादी 'प्रिमियर कॅबिनेट सेक्रेटरी' आणि मोझेस वेटांगुला व आयझॅक रुटो त्यांच्या हाताखालचे दोन उपप्रमुख. सत्ता आली तर कोण कुठे बसणार, याचं उत्तर तयार होतं. सत्ता आली नाही तर काय, हा प्रश्न मात्र कुणी काढला नाही. आघाडी त्याच प्रश्नावर फुटली.

आघाडीचं नाव नॅशनल सुपर अलायन्स, बोलीत 'नासा'. 11 जानेवारी 2017 ला नैरोबीच्या बोमास सभागृहात तिची घोषणा झाली. 9 मार्च 2018 ला तिच्या नेत्याने राष्ट्राध्यक्षांशी परस्पर हातमिळवणी केली आणि ती संपल्यात जमा झाली. कागदोपत्री ती 2021 पर्यंत रेंगाळली, पण ते नुसतं सुतक होतं.

खुर्च्या पाचच का, आणि त्या अशा का

केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेने पंतप्रधानपद ठेवलेलंच नाही. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो. त्याला निम्म्याहून जास्त मतं लागतात, शिवाय 47 पैकी किमान 24 काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रत्येकी एक चतुर्थांश मतं लागतात. त्यामुळे एका समाजाच्या किंवा एका प्रांताच्या जोरावर कुणी राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही. मोट बांधावीच लागते.

मोट बांधायची तर प्रत्येकाला काहीतरी द्यावं लागतं, आणि घटनेत द्यायला होतं फक्त उपराष्ट्राध्यक्षपद. म्हणून 'प्रिमियर कॅबिनेट सेक्रेटरी' हे पद शोधून काढलं गेलं. केनियात मंत्र्याला कॅबिनेट सेक्रेटरी म्हणतात. त्यातल्याच एकाला 'प्रिमियर' म्हटलं की घटनादुरुस्ती न करता पंतप्रधानासारखं काहीतरी उभं राहतं. युक्ती चांगली होती, पण तिचा सगळा डोलारा राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर उभा होता.

कोण काय घेऊन आला, हे पाहिलं की वाटपाचा हिशेब कळतो. रायलांच्या ओडीएम पक्षाकडे न्यान्झा प्रांतातला लुओ समाज होता आणि किनारपट्टी होती. कलोंझोंच्या वायपर पक्षाकडे उकाम्बानी, म्हणजे माचाकोस, किटुई, माकुएनी हा कांबा पट्टा. मुदावादींचा एएनसी आणि वेटांगुलांचा फोर्ड-केनिया हे दोघेही पश्चिमेकडच्या लुह्या मतांवर उभे. आयझॅक रुटो बोमेटचे गव्हर्नर, पक्ष चामा चा माशिनानी. तेव्हाच्या सत्ताधारी ज्युबिली पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांच्याशी त्यांचं साम्य आडनावापुरतं. रिफ्ट व्हॅलीतल्या कालेंजिन मतांना थोडं खिंडार पडावं म्हणून एप्रिलमध्ये त्यांना घेतलं गेलं.

जुनी उधारीही होती. 2013 ला रायला, कलोंझो आणि वेटांगुला कॉर्ड नावाच्या आघाडीत एकत्र लढले आणि हरले. 2017 ला कलोंझो दुसऱ्यांदा दुय्यम जागेवर उभे राहिले. त्यांचे लोक पुढे सांगत राहिले की रायला एकच कार्यकाळ घेणार आणि 2022 ला पाठिंबा देणार, असं ठरलं होतं. त्याहून मागे जायचं तर 2002 ला नार्क आघाडीने केनियातली चाळीस वर्षांची कानू पक्षाची राजवट संपवली, पण राष्ट्राध्यक्ष झालेले मवाई किबाकी आणि रायला यांच्या गटांमधला समजुतीचा करार निवडणूक जिंकल्यावर पाळलाच गेला नाही. नासातल्या प्रत्येकाने ते जवळून पाहिलेलं होतं. म्हणूनच या वेळी सगळं लेखी हवं होतं. पण लेखी झालं ते जिंकल्यानंतरचं.

फॉर्म 34ए आणि चाळीस हजार माणसं

केनियाची मतमोजणी एका कागदावर उभी असते. प्रत्येक मतदान केंद्रावर मतं मोजून आकडे फॉर्म 34ए वर लिहितात. त्यावर केंद्रप्रमुखाची आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींची सही होते. एक प्रत प्रतिनिधीला मिळते, एक केंद्राच्या दारावर लावतात. मतदारसंघातले सगळे 34ए एकत्र करून 34बी तयार होतो आणि देशातल्या 290 मतदारसंघांचे व परदेशी मतदारांचे 34बी मिळून 34सी. त्याशिवाय किम्स नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. मतदाराच्या बोटाचा ठसा तेच तपासतं, आणि संध्याकाळी निकालाचे आकडे व 34ए चा फोटो निवडणूक आयोगाकडे तेच पाठवतं.

जून 2017 मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की मतदारसंघात जाहीर झालेला निकाल अंतिम, नैरोबीत बसून तो बदलता येणार नाही. विरोधकांसाठी हा मोठा विजय होता. कारण आता केंद्रावरचे कागद ज्याच्या हाती, त्याला स्वतःची बेरीज करता येणार होती. नासाने समांतर बेरजेची तयारी केली. पण केंद्रं होती 40,883. एका केंद्रावर जास्तीत जास्त 700 मतदार. म्हणजे किमान तितकीच माणसं हवीत, त्यांना दिवसभर थांबवायचं, खाऊ घालायचं, सही घेऊन प्रत आणायची, आणि तीसुद्धा मध्य केनियातल्या ज्युबिलीच्या बालेकिल्ल्यांत, जिथे विरोधकांचा माणूस म्हणून दिवसभर बसायला मन घट्ट करावं लागतं.

इथे आघाडीच्या बांधणीतला दोष उघडा पडतो. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार एक होता, पण खासदार, गव्हर्नर आणि काउंटी सदस्यांच्या जागांवर मित्रपक्ष जागोजागी एकमेकांविरुद्ध उभे होते. आपल्याकडे याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात, आणि त्यात मैत्री किती असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पश्चिम केनियात ओडीएम, एएनसी आणि फोर्ड-केनिया यांचे कार्यकर्ते दिवसा रायलांसाठी आणि बाकीचा वेळ एकमेकांविरुद्ध राबत होते. अशा ठिकाणी केंद्रावरचा प्रतिनिधी कुणाचा, खर्च कोणी करायचा, कागद कुणाकडे जमा करायचा, हे एका हाताने ठरत नाही.

मतदानाच्या तोंडावरचे दिवस भयंकर होते. जुलैच्या शेवटी आयोगाचे माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख ख्रिस म्सांडो यांचा खून झाला. निकाल पाठवणारी यंत्रणा तेच सांभाळत होते. 4 ऑगस्टला नासाच्या नैरोबीतल्या बेरीज केंद्रावर धाड पडली आणि आघाडीला मदत करणाऱ्या अमेरिकन व कॅनेडियन सल्लागारांना देशाबाहेर काढलं गेलं. मतदान चार दिवसांवर होतं.

1 सप्टेंबरचा निकाल

8 ऑगस्टला मतदान झालं. 11 ऑगस्टला आयोगाने निकाल जाहीर केला: विद्यमान राष्ट्राध्यक्ष, ज्युबिलीचे उहुरू केन्याटा 82,03,290 मतं (54.27 टक्के), रायला 67,62,224 (44.74 टक्के). प्रचारात नासा स्वतःला 'एक कोटींची फौज' म्हणवत होती. नोंदणीकृत मतदार सुमारे 1 कोटी 96 लाख. फौज साठ-सत्तर लाखांवर थांबली.

रायला आधी म्हणाले, न्यायालयात जाणार नाही. 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली होती, त्याची सल होती. मग त्यांनी विचार बदलला. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला आव्हान द्यायला कायद्याने सात दिवस मिळतात. नासाने शेवटच्या दिवशी, 18 ऑगस्टला, याचिका दाखल केली. तिथून निकालाला न्यायालयाकडे चौदा दिवस.

याचिकेचा रोख हुशारीचा होता. 'आमची मतं चोरली' असं एकेका केंद्रावर सिद्ध करत बसायला चौदा दिवस पुरत नाहीत. म्हणून वकिलांनी भर दिला प्रक्रियेवर: आकडे आधी आणि फोटो नंतर का आले, हजारो केंद्रांचे 34ए हातात नसताना निकाल कसा जाहीर झाला, काही 34बी वर जलचिन्ह, अनुक्रमांक किंवा सही का नाही. न्यायालयाने आयोगाचे सर्व्हर तपासायचा आदेश दिला. आयोगाने ते पुरते उघडून दाखवले नाहीत, आणि हेच त्याच्या अंगाशी आलं. 1 सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या पीठाने 4 विरुद्ध 2 अशा मतांनी निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत न्यायालयाने विद्यमान राष्ट्राध्यक्षाची निवड रद्द करण्याची ही पहिलीच वेळ.

त्या दिवशी नासा तिच्या सर्वोच्च बिंदूवर होती. आमच्या मते फुटीचं बीजही त्याच आठवड्यात पडलं. कारण रद्द झाली ती फक्त राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. बाकीच्या जागा ठरून गेल्या होत्या. राष्ट्रीय सभेत ओडीएमचे 76, वायपरचे 23, एएनसीचे 14 आणि फोर्ड-केनियाचे 12 सदस्य आले होते. त्यांना पुन्हा लोकांसमोर जायचं नव्हतं. आपली जागा सुरक्षित झालेला खासदार दुसऱ्यासाठी पुन्हा दोन महिने धावत नाही. आयझॅक रुटो तर बोमेटचं गव्हर्नरपदच गमावून बसले होते. फेरनिवडणुकीआधी ते उहुरूंच्या बाजूला गेले. पाचातला एक कमी झाला.

बहिष्कार, आणि मग प्रत्येकाची वेगळी वाट

फेरनिवडणूक 26 ऑक्टोबरला ठरली. नासाने अटी घातल्या: आयोगाचे मुख्य अधिकारी बदला, मतपत्रिका छापणारी दुबईची कंपनी बदला, निकाल पाठवणारी यंत्रणा बदला. अटी मान्य झाल्या नाहीत. 10 ऑक्टोबरला रायलांनी माघार घेतली. त्यांचा हिशेब कायदेशीर होता: उमेदवार माघारला तर पुन्हा अर्ज मागवावे लागतील आणि निवडणूक लांबेल. आयोगाने तो मानला नाही, रायलांचं नाव मतपत्रिकेवर ठेवूनच मतदान घेतलं. त्याआधी आयोगाच्या सदस्य रोझलिन अकोम्बे न्यूयॉर्कला निघून गेल्या होत्या. मतदानाच्या आदल्या दिवशी ते पुढे ढकलण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर होती, पण सातांपैकी दोनच न्यायाधीश हजर राहिले आणि सुनावणीच होऊ शकली नाही.

न्यान्झातल्या 25 मतदारसंघांत मतदान झालंच नाही. उहुरूंना 74,83,895 मतं पडली, 98 टक्क्यांहून जास्त. मतदानाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली. बहिष्कार यशस्वी झाला म्हणायचं की राष्ट्राध्यक्षपद आंदण दिलं म्हणायचं, यावर आघाडीतच एकमत नव्हतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात विरोधकांच्या वस्त्यांमध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, आणि हा राग रस्त्यावर खरा होता. नेत्यांना त्या रागाचं काय करायचं ते ठरवता येत नव्हतं.

मग कार्यक्रमांची रांग लागली. आघाडी स्वतःला 'राष्ट्रीय प्रतिकार चळवळ' म्हणवू लागली. मोबाइल कंपनी सफारीकॉम, खाद्यतेलवाली बिडको आणि ब्रुकसाइड यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. ब्रुकसाइड हा केन्याटा कुटुंबाचा दूधधंदा, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण ज्या देशात पगार, भाजी आणि शाळेची फी सफारीकॉमच्या एम-पेसाने, म्हणजे फोनवरच्या पैशाने भागते, तिथे सफारीकॉम सोडा असं सांगणं म्हणजे लोकांना स्वतःचा खिसा टाकून द्यायला सांगणं. त्यानंतर काउंटी विधानसभांतून 'जनतेच्या सभा' (पीपल्स असेंब्ली) उभ्या करण्याचे ठराव, आणि शेवटी रायलांचा 'जनतेचा राष्ट्राध्यक्ष' म्हणून शपथविधी. 12 डिसेंबरला ठरलेला तो सोहळा पुढे ढकलला गेला. ॲटर्नी जनरलनी आधीच बजावलं होतं की हा राजद्रोह आहे, आणि केनियात त्याला फाशीची शिक्षा आहे.

30 जानेवारी 2018. पुन्हा उहुरू पार्क. सकाळपासून हजारो माणसं उन्हात उभी. पोलीस अनपेक्षितपणे मागे सरलेले. दूरचित्रवाणीच्या तीन वाहिन्या सरकारने बंद पाडलेल्या. दुपारी रायला आले, हातात हिरवं बायबल घेऊन काही मिनिटांत शपथ घेतली आणि निघून गेले. शेजारी कलोंझो नव्हते, मुदावादी नव्हते, वेटांगुला नव्हते. कलोंझोंचा शपथविधी नंतर होईल, असं रायलांनी गर्दीला सांगितलं. तो कधीच झाला नाही.

तिघांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि त्या संध्याकाळी नैरोबीत तसं म्हटलंही गेलं. पण त्यांच्या बाजूने पाहा. शपथेने सत्ता मिळणार नव्हती. मिळणार होता तो खटला, आणि त्यातून वाढणार होतं ते रायलांचं वजन. जोखीम चौघांची, लाभ एकाचा. प्रचारात रायला म्हणजे बायबलमधला यहोशवा आणि ते सगळ्यांना कनानला, वचन दिलेल्या भूमीत, नेणार, असं गाणं होतं. कनान दिसेनासा झाल्यावर यहोशवाच्या मागे चालत राहण्याचं कारण उरलं नाही.

हस्तांदोलन आणि सेनेटमधली एक खुर्ची

9 मार्च 2018 ला हरांबी हाउसच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या, पायऱ्यांवर रायला आणि उहुरू एकत्र उभे राहिले, हात मिळवला, एकमेकांना भाऊ म्हणाले. बाकीच्या तिघांनी सांगितलं की आम्हाला याची कल्पना नव्हती. केनियात ही घटना नुसत्या 'हँडशेक' या शब्दाने ओळखली जाते.

करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं की सरकारशी बोलणी कोणी, कुणाला विचारून करायची. त्यामुळे रायलांनी कलम मोडलं असंही म्हणता येईना. कलमच नव्हतं.

खरा घाव लगेच, त्याच महिन्यात बसला. 2010 च्या घटनेत हरलेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला संसदेत जागा नाही. म्हणून रायला आणि त्यांच्या जोडीला उभे असलेले कलोंझो घरी, आणि मुदावादींकडेही कुठलं पद नव्हतं. प्रमुख नेत्यांपैकी पद हातात असलेले एकटे वेटांगुला: पश्चिमेकडच्या बुंगोमा काउंटीचे सेनेटर आणि सेनेटमधले अल्पमत नेते. या पदाला कार्यालय, कर्मचारी, गाडी आणि मुख्य म्हणजे समित्यांवर कोण जाणार ते ठरवण्याचा अधिकार असतो. विरोधी बाकांवर ओडीएमचे सेनेटर बहुसंख्य होते. त्यांनी वेटांगुलांना काढून आपले जेम्स ओरेंगो बसवले. पद एकत्रित नासाचं होतं, पण हात मोजायची वेळ आली तेव्हा हात पक्षाचे निघाले. वेटांगुलांनी इशारा दिला की हा काडीमोड गोंगाटाचा आणि किचकट होईल. झालाही तसाच.

या बदलावर शिक्कामोर्तब केलं सेनेटचे सभापती केन लुसाका यांनी. हेच लुसाका 2017 पर्यंत बुंगोमाचे गव्हर्नर होते, आणि त्यांना हरवलं होतं वेटांगुलांच्या फोर्ड-केनियाने. (2022 ला हेच लुसाका फोर्ड-केनियाच्या तिकिटावर पुन्हा गव्हर्नर झाले. केनियात कुणाशी कायमचं भांडू नये.)

मग पैसा. केनियात राजकीय पक्षांना सरकारी निधी मिळतो आणि त्याचा मोठा भाग पक्षाच्या उमेदवारांना पडलेल्या एकूण मतांवर ठरतो. रायला नासाचे उमेदवार असले तरी तिकीट ओडीएमचं होतं. म्हणजे माचाकोसच्या कांबा मतदाराने किंवा काकामेगाच्या लुह्या मतदाराने रायलांना दिलेलं मत निधीच्या हिशेबात ओडीएमच्या खात्यावर जमा. मित्रपक्षांचं म्हणणं साधं होतं: ही मतं आम्ही आणली, आमचा वाटा द्या. ओडीएमने हात आखडता घेतला. वर्षानुवर्षं पत्रं, तक्रारी, पत्रकार परिषदा चालल्या. नेत्यांमध्ये तत्त्वांवरून झालेली भांडणं मिटली असती. या निधीच्या भांडणाने पक्षांच्या कार्यालयांतली खालची माणसंही दुरावली, कारण त्यांचे पगार त्यातून निघणार होते.

करारात चार ओळी जास्त असत्या तर काय झालं असतं? हरलो तर संसदेतली पदं पक्षांच्या संख्येने की आधी ठरलेल्या क्रमाने. निधीतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांचा वाटा कसा पाडायचा. सरकारशी बोलणी सगळ्यांच्या संमतीशिवाय नाहीत. फेरनिवडणूक लागली तर लढायचं की नाही ते कोण ठरवणार. आघाडी टिकलीच असती असा आमचा दावा नाही. रायलांसारख्या नेत्याला कागदाने बांधता येत नाही, हे त्यांचे मित्रही मान्य करतील. पण वेटांगुलांची खुर्ची आणि निधीचा वाटा, ही दोन भांडणं तरी कागदाने वाचली असती.

2021 मध्ये ओडीएम आणि बाकीचे पक्ष नासातून रीतसर बाहेर पडले. जानेवारी 2022 मध्ये राजकीय पक्षांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आघाडीलाच एक पक्ष म्हणून नोंदवण्याची सोय आली, आणि रायलांची पुढची आघाडी, अझिमिओ, त्याच वाटेने उभी राहिली. या वेळी त्यांच्यामागे खुद्द उहुरू होते आणि, बऱ्याच रुसव्या-फुगव्यांनंतर, कलोंझोही. रायला पुन्हा हरले. 15 ऑक्टोबर 2025 ला केरळमध्ये आयुर्वेदिक उपचार घेत असताना त्यांचं निधन झालं.

मुदावादी आणि वेटांगुला 2022 च्या जानेवारीत विल्यम रुटो यांच्या बाजूला गेले. रुटो जिंकले. वेटांगुला राष्ट्रीय सभेचे सभापती झाले. मुदावादींसाठी सरकारने नवं पद काढलं: प्राइम कॅबिनेट सेक्रेटरी.